दोनदा दिलेली कोडोली

इसवी सन १३२०. खजिन्यात मोहरा सहाशे चाळीस. हजर तिघं: मी, माझी बायको, आणि पडद्यावर निळ्या फेट्यातला एक राजा, जो माणूस नव्हता, संगणक होता. त्या दिवशी मी त्या राजाशी तीस टर्नचा मैत्रीचा तह केला आणि तहात त्याला कोडोली देऊन टाकली.

बायको शेजारी कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली आणि विचारलं, "कोडोली दिली?"

"दिली नाही, तह केला."

"म्हंजी दिलीच की. माझं माहेर दुसऱ्यांदा दिलंसा."

एवढंच बोलून ती पुन्हा इस्त्री करू लागली. मला त्या वाक्याचा राग आला. पण त्या आठवड्यात मला बऱ्याच गोष्टींचा राग येत होता, म्हणून क्रमानं सांगतो.

ही कोडोली लॅपटॉपवरची. राज्य वसवायचा एक खेळ असतो. सुरुवातीला एक बैलगाडी आणि मूठभर माणसं मिळतात. त्यांनी पहिलं शहर वसवायचं आणि मग शेती, रस्ते, लोहारशाळा, सैन्य असं वाढवत काही हजार वर्षं राज्य चालवायचं. समोर तीन-चार राजे असतात, त्यांच्या वतीनं संगणक खेळतो. आपण आपली खेळी करायची, मग ते आपापली करतात. असा एक फेरा झाला की एक टर्न. बुद्धिबळासारखं आहे, घाई नाही. मी दुचाकीवरून पडलो, उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि सात आठवडे घरी बसायचं ठरलं, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं तिचा जुना लॅपटॉप आणून त्यावर हा खेळ लावून दिला. म्हणाली, "पप्पा, नाहीतर तुम्ही दिवसभर आईला भाजीचा भाव विचारत बसाल."

मी कोल्हापूरच्या हद्दीवरच्या एका दूध संस्थेत सव्वीस वर्षं फॅट काढतो, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजतो. नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा, येईल तो आकडा लिहायचा. चेअरमनची म्हैस असो की एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईची, मशीन तेच. एका संचालकाचा चुलतभाऊ एकदा म्हणाला, "पॉइंट दोन वाढवा की, कुणाचं काय जातंय?" मी त्याची किटली त्याच्या हातात परत दिली. मापाचा विषय निघाला की माझं डोकं तापतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिला डाव मी सोप्या पातळीवर हरलो. माझी चार शहरं होती, चारही ठिकाणी धान्याची कोठारं, देवळं, एका ठिकाणी तर वाचनालय, आणि सगळ्या राज्यात मिळून तीन सैनिक. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपल्यावर कोण कशाला येईल, असं मला वाटत होतं. तांबडा राजा बहात्तराव्या टर्नला आला आणि तीन टर्नमध्ये सगळं घेऊन गेला. माझं एकही वाकडं पाऊल पडलं नव्हतं, तरी.

दुसऱ्या डावाला मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: टर्न, शहरं, लोक, धान्य, मोहरा, सैन्य. वही भरत गेली तशी समज येत गेली. पहिल्या चाळीस टर्नमध्ये इमारती नव्हे, वस्त्या वाढवायच्या. रस्ता आधी, कोठार नंतर. जगानं तोंडात बोट घालावं असली भव्य वास्तू हाती घ्यायची नाही, कारण आपली अर्धी झालेली असताना दुसरा कुणी तीच बांधून मोकळा होतो आणि आपले वीस टर्न मातीत जातात. तिसरा डाव मी मध्यम पातळीवर जिंकलो. चौथ्याला कठीण पातळी निवडली, आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला.

माझ्या गणितानं विसाव्या टर्नला जास्तीत जास्त तीन शहरं होऊ शकत होती. निळ्या राजाची पाच झाली. मी एक घोडेस्वार त्याच्या राजधानीसमोरच्या टेकडीवर उभा केला आणि मोजत बसलो. त्याचं शहर माझ्या शहराएवढंच, लोक तेवढेच, जमीन उलट माझ्यापेक्षा हलकी. वस्ती करायला जाणारी नवी गाडी मला नऊ टर्नमध्ये तयार व्हायची. त्याच्या वेशीतून दर सहा टर्नला एक बाहेर पडत होती. दोन दिवस मी माझीच बेरीज तपासली. मग मुलीला फोन केला.

"पप्पा, तुमची बेरीज बरोबर आहे," ती म्हणाली. "कठीण म्हणजे संगणक जास्त हुशार होत नाही. त्याला फुकट मिळतं. सुरुवातीला एक गाडी जादा आणि पुढं सगळं स्वस्त."

"म्हणजे काटा मारतो."

"काटाच मारतो. पण सांगून मारतो. पातळी निवडताना खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

मी जाऊन पाहिलं. लिहिलेलं होतं. आयुष्यभर लोकांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असं सांगणारा मी, ते न वाचता पुढे गेलो होतो. पण लिहून ठेवलं म्हणून खोटं माप खरं होत नाही. माझ्याविरुद्ध हुशार खेळाडू बसवा, मी हरेन आणि गप्प बसेन. पण मठ्ठ पोराला परीक्षेआधीच तीस मार्क द्यायचे आणि मग पेपर कठीण होता म्हणायचं, याला काय म्हणावं? मी मुलीला हे सगळं ऐकवलं.

"पप्पा, त्याच्याशी भांडू नका, त्याला ऐकू येत नाही. त्याला काय काय फुकट मिळतं ते लिहून काढा. तेवढं वजा करा. मग उरलेला तो किती मूर्ख आहे ते बघा."

हा सल्ला चांगला होता. मी तो पाळला मात्र उशिरा.

शहरांना नावं देण्याचा अधिकार आपल्याला असतो. मी राजधानीला कोल्हापूर म्हटलं, भाताच्या खोऱ्यातल्या शहराला राधानगरी, व्यापाराच्या नाक्यावरच्या शहराला जयसिंगपूर. चौथ्या शहराच्या वेळी बायको मागे उभी होती. "माझं गाव कुठं हाय ह्याच्यात?" तिनं विचारलं. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी, निळ्या राजाच्या सीमेला लागून, चांगल्या काळ्या जमिनीवर मी कोडोली वसवली. त्यानंतर ती येता-जाता विचारायची, कोडोलीत आज काय बांधलं. मी बाजारपेठ बांधली. पुढे सव्वाशे मोहरा खर्चून दगडी तट बांधला. लोक आठपर्यंत वाढले. खरं तर तिथं एवढा खर्च करण्यासारखं काही नव्हतं.

शेजारी राजा बलवान, म्हणून त्याच्याशी सलोखा ठेवायचं मी ठरवलं. आमच्याकडे शेतीत पैरा असतो. आज तुमची बैलजोडी माझ्या रानात, उद्या माझी तुमच्या. कुठं लिहीत नाहीत, पण पैरा न फेडणारा माणूस गावात मान वर करून फिरत नाही. वडील गेले तरी मुलगा फेडतो. त्याच हिशेबानं मी निळ्या राजाला शंभर मोहरा भेट पाठवल्या. त्याच्या चेहऱ्यावर बाण नेला की तो आपल्याबद्दल काय धरून आहे ते आकड्यात दिसतं. तिथं आलं: 'तुम्ही भेट दिलीत, अधिक दहा.' मी समाधानानं वहीत नोंद केली. दोन टर्ननंतर सहज पाहिलं तर अधिक नऊ. आणखी दोन टर्ननं आठ. भेटीनंतरच्या विसाव्या टर्नला ओळच नाहीशी झाली. मी दिलेल्या शंभर मोहरा त्याच्या खजिन्यात तशाच होत्या, फक्त माझं देणं पुसलं गेलं होतं. दुधाला घट लागते, गुळाला लागते. उपकाराला दर दोन टर्नला एक अशी ठरवून घट लावणारा माणूस कोण असेल, आणि त्याला आईबापांनी काय शिकवलं असेल, याचा विचार करत मी त्या दिवशी जेवलो नाही.

पण शहाणा झालो नाही. त्याचं अकरा पलटणींचं सैन्य कोडोलीच्या सीमेवर येऊन उभं राहिलं आणि त्यानं कोडोली मागितली, तेव्हा मी पुन्हा पैऱ्याचाच हिशेब केला. शंभर मोहरांना दहा, तर अख्ख्या शहराला किती. तिथं माझे भालाईत चार. एक शहर गेलं तरी पाच राहतील आणि शेजार कायमचा गोड होईल. म्हणून दिली. वर आणखी शहाणपणा केला: मैत्री झालीच आहे तर सैन्य पोसायचं कशाला, म्हणून ते चार भालाईत घरी पाठवले. दर टर्नला आठ मोहरा वाचल्या, तेही वहीत लिहिलं.

आता बायकोच्या वाक्याचं.

दोन वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. दिवसकार्य झाल्यावर मेहुण्यानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, हक्कसोडपत्र तयार करून आणलं. बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावानं साडी-चोळी करायची, ही आमच्याकडची रीत. ती मला म्हणाली होती, "काय करू?" जमीन तिला नको होती. तिला एवढंच विचारायचं होतं की सही केल्यावर त्या घरात आपलं काय राहील. मी नेहमीप्रमाणे मांडून दाखवलं. वाट्याला येतात सतरा गुंठे. त्यासाठी भावाशी वाकडं घ्यायचं का? सही दे, येणं-जाणं राहील, भाऊ जन्मभर जाण ठेवील. तिनं सही दिली. पहिल्या दिवाळीला मेहुणा भाऊबिजेला आला. दुसऱ्या दिवाळीला फोन आला. माझा पाय मोडला तेव्हा फोनही आला नाही. या दोन वर्षांत ती मला कधी एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली ती त्या दिवशी, इस्त्री करताना.

तहाच्या चौदाव्या टर्नला निळ्या राजानं तो मोडला. तीस टर्नचा तह, आणि चौदाव्याला. सैन्य आलं ते कोडोलीतूनच, मी बांधलेल्या रस्त्यानं. मी बांधलेल्या तटामागे त्याच्या सहा पलटणी. पडद्यावर तो राजा हसून म्हणाला की आमच्या प्रजेला तुमच्या जमिनीची गरज आहे. मी लॅपटॉप जोरात मिटला. बायको धावत आली, तिला वाटलं पाय आदळला.

मी तिला सगळं सांगितलं. शहर दिलं, भेटी दिल्या, एका शब्दानं कधी दुखावलं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्येला तुमचा आहेर कशाला ध्यानात ऱ्हाईल?" ती म्हणाली. "तुमच्या दारात राखणीला कोण उभं हाय, एवढंच बघतोय त्यो. राखण तुम्हीच घालवलासा."

"तुला काय माहीत?"

"मला कसं माहीत नसंल?"

मी वही काढून मागची पानं तपासली, आणि ती अक्षरशः खरी निघाली. वहीत नोंदलेल्या चारही हल्ल्यांत राजे चढून आले ते माझं सैन्य त्यांच्या निम्म्याखाली गेलं त्या टर्नला. भेटींचा आकडा तेव्हा दहा असो की वीस, काही फरक पडला नव्हता. मैत्रीचा रकाना चेहऱ्यावर दाखवायला होता. लढाईचा निर्णय दुसऱ्याच रकान्यावरून होत होता आणि तो रकाना मला कुणी दाखवला नव्हता. या फसवणुकीबद्दल मी आजही त्या खेळाला माफ केलेलं नाही.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. तो माझ्याच मोबाइलवर आला.

"दाजी, पाय कसा हाय आता?" आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत, "त्या कागदात गट नंबर चुकलाय वो. तलाठी नोंद धरंना. दुरुस्तीपत्र करायला पाहिजे. आक्काला घेऊन येताय का सोमवारी? दहा मिनिटाचं काम."

मी प्लास्टरमध्ये होतो आणि पायाचं त्यानं नुकतंच विचारलं होतं. माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलणार होतो, पण बायकोनं हात पुढे करून फोन मागितला.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली.

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं.

"न्हाई म्हटलं न्हवं? तुला गरज हाय, तू ये. मुराळी होऊन ये. जेव, मला घिऊन जा, मग बघू."

लग्न झालेल्या बहिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. तिला न्यायला कुणी येऊन तीन वर्षं झाली होती. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, अडवून धरलंस तर तो कायमचा तुटेल. ती म्हणाली, "तुमचा राजा मागतोय तवा एकदा न्हाई म्हणून बघितलंसा का? बघा की, काय करतोय."

मी बघितलं. निळ्या राजानं युद्ध थांबवायला जयसिंगपूर मागितलं. नाही म्हटलं. दोन टर्ननंतर तीनशे मोहरा मागितल्या. नाही. मग दीडशे. मी सात वेळा नाही म्हटलं, त्यातल्या पाच वेळा मागणी खाली आली आणि एकदाही रागाचा आकडा वाढला नाही. नकाराला त्याच्याकडे रकानाच नव्हता. मी उगाच घाबरत होतो.

मग मुलीनं सांगितलेली वजाबाकी केली. फुकटचं माप काढून टाकल्यावर उरलेला निळा राजा खरोखर मूर्ख होता. नदी ओलांडताना हल्ला केला तर सैन्याची ताकद घटते, तरी तो नदीतूनच यायचा. जखमी घोडेस्वार दिसला की सगळी पलटण रांग मोडून त्याच्या मागे लागायची. मी एक जखमी घोडेस्वार मुद्दाम नदीकाठानं फिरवला आणि पाठलागावर आलेल्या नऊ पलटणी टेकडीवरच्या धनुर्धाऱ्यांनी टिपल्या. त्याचं किनाऱ्यावरचं एक शहर घेतलं, तिथं राखणीला एकच माणूस होता. कोडोली मात्र घेता येईना. तो तट मीच बांधलेला, त्यामुळे पक्का होता.

मेहुणा दुसऱ्या रविवारी आला. जुनी गाडी, पिशवीत गुळाची ढेप, आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद, जो मला दारातूनच दिसला. पोरगा बारीक झाला होता. मला दया यायला पाहिजे होती, पण आली नाही.

"सही अडली म्हणून आलास," मी म्हणालो.

"तसं न्हवं दाजी. कामाची गडबड असती."

"दोन वर्षं?"

"अवो, त्येला पाणी तरी पिऊ द्या," बायको म्हणाली. मग भावाला, "कागद खिशातच ऱ्हाऊ दे. आदी जेव."

तो जेवला. दोघं भावंडं आईच्या जुन्या म्हशीबद्दल बोलून हसली. मी आतल्या खोलीत बसून होतो. ती पिशवी भरायला आत आली तेव्हा मी हळू आवाजात म्हणालो, "तो कशाला आलाय ते तुला कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग?"

"त्यो कागदासाठी आलाय, मी आईच्या खोलीत दोन दिस झोपायला चाललीय. ज्येचं त्येला मिळतंय."

"सही करणार?"

"करीन. परवा निघताना. आदी न्हाई."

मी म्हणालो, मागच्या वेळी सल्ला माझा होता, तो चुकला. हे मी दोन वर्षांत पहिल्यांदा बोललो आणि बोलताना तिच्याकडे न बघता प्लास्टरकडे बघत बोललो. ती साडीची घडी पिशवीत दाबत होती. "व्हय, चुकला," म्हणाली. मग दारात थांबून, "भाकऱ्या करून ठेवल्यात. दोन दिस बसूनच हाईसा, तर ती कोडोली तेवढी आणून ठेवा."

संध्याकाळी निळ्या राजानं आपणहून तहाचं बोलणं लावलं. त्याच्या यादीत कोडोली होती. किंमत: रोख चारशे साठ मोहरा, शिवाय दर टर्नला अकरा, तीस टर्न. मी वही उघडली. लढाईत कोडोलीचे लोक आठाचे तीन झाले होते, उत्पन्न टर्नला चार मोहरा. दिलेले पैसे वसूल व्हायला एकशे अठ्ठ्याण्णव टर्न, आणि डाव संपायला उरले होते दीडशे. तेवढ्याच पैशांत तीन पलटणी उभ्या राहून किनाऱ्यावरची त्याची आणखी दोन दुबळी शहरं माझी झाली असती. सहा आठवडे शिकलेलं सगळं सांगत होतं की हा सौदा करू नये. नाही म्हटलं असतं तर भाव उतरलाही असता, पण त्याच टर्नला कोडोली यादीतून गेलीही असती. लुटीची ती किंमत वाचताना माझे कान तापले. माझंच शहर, माझाच तट, आणि वर हप्ता.

मी होकार दिला. निळ्या राजाला रोख मोहरा चारशे साठ, आणि तीस टर्नमध्ये अकराप्रमाणे तीनशे तीस. एकूण सातशे नव्वद पोहोचत्या केल्या.